नवा प्रोग अल्बम शोधायचाय? आधी सीडी उलटी करा

नमस्कार मंडळी,

दुकानात सारखा एकच प्रश्न येतो, प्रोगमध्ये (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक-मेटल, लांब आणि गुंतागुंतीच्या गाण्यांचं संगीत) ड्रीम थिएटर झालं, ओपेथ झालं, टूल तर तोंडपाठ झालं, आता पुढे काय ऐकू? ॲप पण फिरून फिरून तेच दहा बँड समोर आणतं आणि ज्या पोरांनी घाम गाळून परवा एखादा जबरदस्त अल्बम काढलाय त्यांचं नावसुद्धा आपल्या कानावर येत नाही. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय.

आमची पद्धत अशी, की आवडलेला अल्बम उलटा करायचा आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याचं काम) कोणी केलं, लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी कुठली, ड्रम्सवर कोण, पाहुणे कोण, नवीन बँडचा रस्ता तिथूनच निघतो. नॉर्वेचा लेप्रस बँड आवडतो ना? त्यांचा ड्रमर बार्ड कोलस्टाड हा रॉन्देव्हू पॉइंट नावाच्या नॉर्वेच्याच बँडमध्येही वाजवतो, त्यांचा २०१९ चा 'युनिव्हर्सल केऑस' आम्ही आत्तापर्यंत ज्याला ज्याला दिला तो दुसऱ्या अल्बमची चौकशी करत परत आलाय. किंवा मिक्सिंग करणाऱ्या येन्स बोग्रेनचं नाव धरा, ओपेथचा 'घोस्ट रेव्हरीज', लेप्रसचा 'बायलॅटरल', हेकनचा 'द माउंटन' या तिन्हींच्या क्रेडिटमध्ये हा माणूस सापडेल, तेव्हा अनोळखी बँडच्या सीडीवर याचं नाव दिसलं तर ती खाली ठेवू नका.

हा रस्ता आपल्या देशातही येतो बरं का. टेसरॅक्ट या ब्रिटिश बँडचा गायक डॅनियल टॉम्पकिन्स स्कायहार्बरच्या २०१२ च्या पहिल्या अल्बमवर गायलाय आणि स्कायहार्बर म्हणजे आपल्या दिल्लीच्या केशव धरने सुरू केलेला बँड, त्या अल्बमवर मेगाडेथचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमनचे गिटार सोलोही आहेत. आणि मुंबईच्या कोशिशचा 'फिरदौस' (२०१३) अजून ऐकला नसेल तर आधी तो ऐका, हिंदीत गायलेला अख्खा कॉन्सेप्ट अल्बम (सगळी गाणी एकाच कल्पनेत गुंफलेला) आहे, बाहेरचं सगळं नंतर.

जुन्या, १९७० च्या दशकाच्या वळणाचा प्रोग हवा असेल तर लेबल धरून चाला. नॉर्वेच्या बर्गनमधलं करिस्मा रेकॉर्ड्स हे छोटं लेबल, पण वॉबलर, एअरबॅग, योर्डशो सगळे तिथेच. वॉबलरचा २०१७ चा 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' घ्या, पहिलंच गाणं जवळजवळ २१ मिनिटांचं. घाबरू नका, बडा ख्याल ऐकणाऱ्यांच्या घरात वाढलोय आपण, एवढी बैठक आपल्याला जमते. त्यात मागे जो थरथरता, थोडा जुनाट कोरससारखा आवाज येतो तो मेलोट्रॉनचा. दिसायला पेटीचा मोठा भाऊ, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्याच्यावर खऱ्या वाद्याचा किंवा गळ्याचा सूर रेकॉर्ड केलेला असतो, पट्टी दाबून धरली की साधारण आठ सेकंदांत टेप संपते, आवाज बंद, बोट उचललं की स्प्रिंग टेप मागे ओढते. म्हणजे वादकाला सूर संपायच्या आत पुढच्या सुरावर जावंच लागतं, आणि एकदा हे माहीत झालं ना, की ते गाणं वेगळंच ऐकू यायला लागतं!

आता खरेदीचं. फक्त डिजिटल हवं असेल तर सरळ बँडकॅम्पवर (बँडकडूनच गाणी विकत घ्यायची वेबसाइट) जा, आमच्याकडून घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के कापतात, बँडकॅम्प फ्रायडे म्हणून ठरवलेल्या काही शुक्रवारी तेही सोडून देतात, हा प्रकार मार्च २०२० मध्ये सुरू झाला. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात त्यामुळे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबारा-दीडला सुरू होतो, सकाळी घाई करू नका. छोट्या बँडला त्या एका दिवसाचे पैसे खूप महत्त्वाचे असतात.

सीडी किंवा एलपी (मोठी तबकडी) हवी असेल तर आम्ही मागवतो. एका लेबलकडची पाच नावं जमली की एकत्र ऑर्डर टाकतो, टपालखर्च वाटला जातो. यायला दीड-दोन महिने लागतात, कस्टम्सचा आकडा पार्सल आल्यावरच कळतो, तो पावतीसकट दाखवू. एलपी तुमच्यासमोर उघडू, कडा दुमडलेली किंवा तबकडी वाकलेली निघाली तर घेऊ नका, मागे एका कुरियरने आमच्या चार एलपी अशाच वाकवून आणल्या होत्या आणि तो फटका आम्ही सोसला, गिऱ्हाइकाच्या माथी नाही मारला.

शनिवारी संध्याकाळी दुकानात ऐकायची सोय आहे, हेडफोन आमचे, वेळ तुमचा. येताना आवडलेल्या तीन अल्बमची नावं कागदावर लिहून आणा आणि ग्राऊलिंग (घसा खरवडून गुरगुरत गाणं) चालतं की नाही तेवढं आधी सांगा, बाकीचं आम्ही शोधतो.