सुरुवातीच्या हुकांचा क्रम (अपाची मॉड्यूलचे पोर्टिंग)

अपाची वेब सर्व्हरच्या १.३ आवृत्तीसाठी लिहिलेले मॉड्यूल (सर्व्हरला जोडायचा कोडचा भाग) २.० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नेताना त्याच्या सुरुवातीच्या फंक्शनला कधी आणि कोणानंतर बोलावले जाईल, हे नव्याने ठरवावे लागते. फंक्शनची नावे आणि आर्ग्युमेंट बदलली की मॉड्यूल कंपाइल होते, पण क्रमाचे काम तेवढ्यावर भागत नाही.

१.३ मध्ये प्रत्येक मॉड्यूलच्या स्ट्रक्चरमध्ये 'इनिट'साठी, म्हणजे सुरुवातीच्या तयारीच्या फंक्शनसाठी, एक ठरलेली जागा असे. क्रम कॉन्फिग फाइलवरून ठरे : जे मॉड्यूल शेवटी जोडले, ते आधी चाले. म्हणजे दोन मॉड्यूलांचे एकमेकांवरचे अवलंबन कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसे, ते फाइलमधल्या ओळींच्या मांडणीत दडलेले असे. पोर्टिंगमध्ये नेमके हेच हरवते.

२००२ मध्ये स्थिर म्हणून आलेल्या २.० ने ही पद्धत मोडली. मॉड्यूल आता आपली फंक्शने हुकांवर, म्हणजे सर्व्हरच्या कामातल्या ठरावीक टप्प्यांवर, स्वतः नोंदवते. नोंदवताना 'फर्स्ट', 'मिडल', 'लास्ट' असा ढोबळ क्रम (आत अनुक्रमे ०, १०, २०) देता येतो. शिवाय दोन याद्या देता येतात : आधी कोणी चालावे आणि नंतर कोणी. मॉड्यूलची ही नावे सोर्स फाइलच्या नावाने लिहायची असतात, उदाहरणार्थ 'मॉड_प्रॉक्सी.सी'. मॉड_रीराइट (पत्ते बदलणारे मॉड्यूल) आपला फिक्सअप हुक (उत्तर तयार होण्याआधीचा टप्पा) नोंदवताना हेच नाव पहिल्या यादीत देते. नाव चुकले किंवा शेवटी '.एसओ' लिहिले, तर सर्व्हर तक्रार न करता ती अट सोडून देतो. अशी चूक शोधताना दिवस जातात, म्हणून या याद्या अक्षरन् अक्षर तपासाव्यात. दोन मॉड्यूलांचा क्रम 'मिडल' असेल आणि याद्या रिकाम्या असतील, तर कोण आधी चालेल यावर विसंबू नये.

जुन्या 'इनिट'ची जागा बहुतेक वेळा 'पोस्ट-कॉन्फिग' हुक घेतो. तो 'प्री-कॉन्फिग' आणि 'ओपन-लॉग्ज' या हुकांनंतर, मूळ प्रोसेसमध्ये चालतो. जुने फंक्शन काहीच परत देत नसे; नवे 'ओके' देते, आणि चुकीचा कोड दिला तर सर्व्हर सुरूच होत नाही. ही सोय जरूर वापरावी. अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलने विनंत्या घेण्यापेक्षा सर्व्हर उभाच न राहणे बरे.

सर्व्हर सुरू होताना कॉन्फिग दोनदा वाचले जाते, त्यामुळे 'पोस्ट-कॉन्फिग'ही दोनदा चालतो. मधल्या काळात गतिमान (वेगळ्या फाइलमधून लोड होणारे) मॉड्यूल मेमरीतून काढून पुन्हा लोड होते, म्हणून 'एकदा झाले' ही खूण स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये टिकत नाही. ती प्रोसेसच्या पूलमध्ये (प्रोसेस असेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत) किल्ली देऊन ठेवतात, २.४ मध्ये सर्व्हरची अवस्था विचारणारे फंक्शनही आहे.

मूळ प्रोसेसमधून निघणाऱ्या, विनंत्या हाताळणाऱ्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसचे काम 'चाइल्ड-इनिट'मध्ये जाते. ग्लोबल म्युटेक्समध्ये (सगळ्या प्रोसेसमध्ये सामाईक कुलूप) हा फरक ठळक दिसतो : तो 'पोस्ट-कॉन्फिग'मध्ये तयार करायचा आणि 'चाइल्ड-इनिट'मध्ये पुन्हा जोडून घ्यायचा. डेटाबेसचे कनेक्शन मात्र सरळ चाइल्डमध्येच उघडावे. मूळ प्रोसेसमध्ये उघडले, तर फोर्कनंतर (मूळ प्रोसेसची प्रत निघाल्यावर) सगळी चाइल्ड एकाच सॉकेटवर लिहू लागतात.