तुकुनारे मासेमारी : रिओ नेग्रोवरील हाउसबोट सहली

ब्राझीलमधील रिओ नेग्रो व तिच्या उपनद्यांमध्ये तुकुनारे अर्थात पीकॉक बास हा मासा गळाने धरण्यासाठी काढल्या जाणाऱ्या, साधारण आठवडाभराच्या जलसहली. मुक्काम व जेवण मोठ्या नौकेवर होते. प्रत्यक्ष मासेमारी स्थानिक मार्गदर्शकासह अॅल्युमिनियमच्या लहान होड्यांतून केली जाते. पाहुणे मानाउस शहरात उतरतात आणि तेथून नौकेने किंवा लहान विमानाने बार्सेलोस, सांता इझाबेल या वरच्या अंगाच्या गावांकडे जातात.

हा सगळा व्यवहार नदीच्या चढउतारावर चालतो. मानाउस येथे पाण्याची पातळी १९०२ पासून नोंदली जाते आणि एकाच वर्षात ती दहा मीटरच्या आसपास वरखाली होते. नदी भरली की पाणी काठच्या अरण्यात दूरवर शिरते. या बुडालेल्या अरण्याला इगापो म्हणतात. मासे झाडांच्या बुंध्यांमध्ये पांगतात आणि तेथे गळ टाकून काही हाती लागत नाही. पाणी ओसरले की तेच मासे मुख्य प्रवाह, वाळूचे दांडे आणि मागे उरलेली तळी यांत गोळा होतात. हंगाम साधारणपणे सप्टेंबर ते मार्च असा धरला जात असला, तरी सर्व उपनद्या एकदम उतरत नाहीत. शिवाय वर कुठे पाऊस झाला की उतरती नदी अचानक पुन्हा चढते. या चढाला रेपिकेते म्हणतात आणि तो ठरलेली सहल दोन दिवसांत वाया घालवू शकतो. काठावर बांधलेले विश्रामगृह अशा वेळी अडकून पडते, हाउसबोट मात्र रातोरात दुसऱ्या उपनदीत जाऊ शकते. जाहिरातींत ऐषारामाचे कौतुक असते. हाउसबोटीचे खरे महत्त्व या हलण्यात आहे. अर्थात पाणी फारच आटले तर तिचाही इलाज चालत नाही. २०२१ मध्ये मानाउसला ३०.०२ मीटरचा उच्चांक नोंदला गेला, २०२३ मध्ये १२.७० मीटरचा नीचांक आला आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला.

तुकुनारे हा सिक्ला प्रजातीतील, सिक्लिड कुलातील शिकारी मासा आहे. त्यातील सर्वांत मोठी जाती सिक्ला टेमेन्सिस. तिचे वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट याने १८२१ मध्ये केले. विणीच्या काळात तिच्या अंगावर तीन ठळक काळे पट्टे उमटतात, एरवी पांढरट ठिपक्यांच्या रांगा दिसतात. दोन्ही रूपे इतकी वेगळी की ते दोन निराळे मासे आहेत असे दीर्घकाळ मानले जाई. गळाने धरलेल्या तुकुनारेचा १३.१९ किलोग्रॅमचा जागतिक विक्रम २०१० मध्ये याच नदीवर नोंदला गेला. नर-मादी दोघेही अंडी व पिलांची राखण करतात. जवळ आलेल्या कशावरही हा मासा तुटून पडतो, त्यामागे भुकेइतकीच ही राखणही असते.

म्हणूनच पाण्यावर खळबळ करणारी मोठी, पंखे लावलेली कृत्रिम आमिषे येथे चालतात. दिवसभर असे वजनदार आमिष फेकून ओढणे हे खांद्यांचे काम आहे. अनेक मार्गदर्शक पिसांचे जिग, म्हणजे पाण्याखाली झटके देत ओढायचा जड डोक्याचा गळ, सुचवतात. त्यावर मासे जास्त लागतात, पण पृष्ठभागावरचा तो स्फोट पाहायला मिळत नाही. दोरा जाड, विणलेला लागतो, कारण गळ लागताच मासा बुडालेल्या फांद्यांकडे धाव घेतो. एका होडीत सहसा दोन पाहुणे आणि एक मार्गदर्शक असतो. कोणत्या तळ्यात शिरायचे, अरुंद वाट कुऱ्हाडीने कुठे मोकळी करायची, हे मार्गदर्शकच ठरवतो. काळ्या, आम्लधर्मी पाण्यामुळे डास फार कमी असतात.

पकडलेला मासा सोडून देण्याचा प्रघात आहे. राखणदार पालक उचलला गेला तर पिले काही क्षणांत इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणून तो जिथे धरला तिथेच आणि लवकर सोडावा लागतो. अडचण बोतो या गुलाबी नदी-डॉल्फिनची होते. हा प्राणी होडीमागे फिरतो आणि दमलेला मासा सोडताच गिळतो. तो दिसला की अनुभवी मार्गदर्शक जागाच बदलतात.

ब्राझीलमध्ये हौशी मासेमारीसाठी परवाना लागतो. आदिवासी प्रदेशातील पर्यटनाचे नियम फुनाई या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये घालून दिले. तेथे समुदायाची संमती आवश्यक असते. मारिए या उपनदीवर समुदायांशी झालेल्या करारानुसार पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते, फक्त फ्लाय-मासेमारीला, म्हणजे पिसा-धाग्यांची हलकी कृत्रिम माशी फेकून केल्या जाणाऱ्या मासेमारीला, मुभा असते आणि उत्पन्नाचा वाटा समुदायांकडे जातो. इतरत्र मात्र एकाच तळ्यावर अनेक नौकांच्या होड्या येऊन धडकतात आणि गावकऱ्यांच्या रोजच्या मासेमारीशी त्यांचा खटका उडतो.