जमिनीत मुरलेले तेल आणि विहिरीवरचा तवंग : ग्राहकांसाठी माहिती

विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसला, की ती ताबडतोब उपसून काढावी, असे बहुतेकांना वाटते. आमची विनंती आहे की मोटर तूर्त बंद ठेवावी. डिझेल आणि इंजिन ऑइल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते. जोरात उपसा केला, तर पाण्याबरोबर तेलही खाली उतरते, वाटेतल्या मातीला चिकटते, आणि पातळी पुन्हा वर आल्यावर त्यातील बराचसा भाग पाण्याखालीच अडकून राहतो. उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामधील चढउतारामुळेही हेच घडते, म्हणून आम्ही पातळी आणि तेलाच्या थराची जाडी दोन्ही हंगामांत मोजतो. तरंगणारा थर आधी वरच्या वर काढून घ्यावा लागतो. पाण्याचे शुद्धीकरण त्यानंतर सुरू होते. साबणाची पावडर मात्र कधीही टाकू नये, कारण तिने तेल नाहीसे होत नाही, ते पाण्यात मिसळते आणि वेगळे काढणे अवघड होते.

उपाय मातीवरून ठरतो. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडील जांभ्यात तेल लवकर खोल जात असले, तरी तेथे तेल खाणाऱ्या जिवाणूंना लागणारी हवा खेळती ठेवता येते. चिकोडी, अथणी भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेल भेगांतून थेट खाली जाते आणि पावसात भेगा मिटल्या की आत कोंडते. अशा चिकट मातीत नळ्यांनी हवा सोडून फारसे काही साधत नाही. ती खणून जाड प्लॅस्टिकच्या अस्तरावर पातळ थरात पसरावी, नत्र आणि स्फुरद द्यावे, ओल राखावी आणि वारंवार वरखाली करावी. तेल खाणारे जिवाणू मातीत बहुधा आधीपासूनच असतात, उणीव असते ती हवेची. त्यामुळे जिवाणूंची पावडर टाकली की काम झाले, या जाहिरातीवर आमचा विश्वास नाही. या कामाला काही महिने लागतात. शिवाय जळक्या ऑइलमधील धातू जिवाणू नष्ट करू शकत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

पेट्रोलची गळती असल्यास पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. पेट्रोलमधील बेंझिन पाण्यात विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे. उद्यमबाग, मच्छे येथील वर्कशॉपमधील दुधाळ कूलंटही (धातू कापताना यंत्रावर सोडायचे थंडावा देणारे द्रव) पाण्यात मिसळून जातो. तेथे तवंगाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वापरलेले ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचा अहवाल आम्ही कन्नडमध्ये तयार करतो व ग्राहकास मराठी प्रत देतो.

पाहणीसाठी बोलावताना कोणते तेल, अंदाजे किती आणि केव्हा सांडले, विहिरीची अथवा बोअरची खोली किती, आणि उताराच्या बाजूला शेजाऱ्यांची विहीर आहे का, एवढे कळवावे.