टाळू दुभंगलेली असताना बोलण्यात जिभेचं जुळवून घेणं

जन्मतः टाळू, म्हणजे तोंडातलं वरचं छत, फाटलेली असली की बोलताना जीभ नेहमीच्या जागी लागत नाही, मागे घशाकडे सरकते, टाळूवर नको तेवढी पसरते किंवा एकाच वेळी दोन ठिकाणी टेकते. स्पीच थेरपीत याला भरपाईचे उच्चार म्हणतात. ओठ किंवा टाळू फाटलेलं बाळ जगात साधारण ७०० जन्मांमागे १ जन्मतं. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून असं होतं हे आपल्याकडे अजून ऐकायला मिळतं, त्यात काहीही तथ्य नाही आणि त्या आईला उगाच दोष लागतो.

प, त, ट, क, च, स असे उच्चार करायला तोंडात हवेचा दाब साठावा लागतो आणि तो साठायचा तर मऊ टाळूने, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाने, वर उचललं जाऊन नाकाची वाट बंद करायला हवी. ती बंद होत नसेल तर हवा नाकातून निघून जाते, ब चा म होतो, द चा न होतो, मूल 'बाबा' म्हणायला जातं आणि ऐकू येतं 'मामा'. इथे ओठ आणि जीभ बरोबर जागीच असतात, फक्त हवा पळते. म आणि न ला मुळातच नाक लागतं म्हणून ते छान येतात.

पण बरीच मुलं तेवढ्यावर थांबत नाहीत. हवा जिथून गळते त्याच्या आधीच तिला अडवायचं, हे मूल कोणी न शिकवता शोधून काढतं! मग क किंवा प च्या जागी स्वरयंत्रातच झटका देऊन हवा तोडली जाते, 'काका' ऐवजी घशात अडकलेलं 'आ-आ' ऐकू येतं. स साठी जिभेचं मूळ मागे घशाच्या भिंतीजवळ जातं आणि तिथून घासल्यासारखा आवाज येतो. आणखी एक प्रकार अमेरिकेत जुडिथ ट्रॉस्ट यांनी १९८१ मध्ये मांडला, त्यात जिभेचं टोक खालीच राहतं आणि मधला भाग टाळूला टेकतो, मग त आणि क मधला फरकच पुसला जातो. ऑपरेशननंतर टाळूत छोटं भोक राहिलं असेल तर कधीकधी जीभ तेच भोक बुजवायला वर जाते. वरचा जबडा अरुंद राहिला, दात वाकडे आले तर टोकाला जागाच उरत नाही, आणि मग स ची हवा मधून न जाता गालाच्या बाजूने निसटते.

मराठीत हे जास्त जाणवतं कारण आपल्याला पात, पाट आणि पाक हे तिन्ही वेगळे ऐकू यायला हवेत, म्हणजे जीभ दातांना, मग टोक वळवून वर, मग मागे अशी तीन ठिकाणी नीट लागायला हवी, आणि सगळंच घशात होत असेल तर तिन्ही शब्द एकच होऊन बसतात.

यातलं सगळंच कानाला कळतं असंही नाही. इलेक्ट्रोपॅलॅटोग्राफीमध्ये बारीक इलेक्ट्रोड बसवलेली पातळ प्लेट टाळूला लावतात आणि जीभ कुठे टेकली ते स्क्रीनवर दिसतं. अशा तपासणीत दिसलंय की ऐकायला बरोबर वाटणाऱ्या त मध्येही काहींची जीभ पुढे आणि मागे एकदमच टेकलेली असते.

हे उच्चार ऑपरेशनने आपोआप जात नाहीत, ही गोष्ट प्रत्येक पालकाला आधीच सांगायला हवी. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की 'बाबाबा, दादादा' सुरू होतं, आणि तेव्हा टाळू उघडी असेल तर सवय तिथूनच लागायला लागते. टाळू शिवली तरी सवय तशीच राहते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या ५५८ बाळांच्या ट्रायलचा निकाल २०२३ मध्ये आला, त्यात ६ महिन्यांना ऑपरेशन झालेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांत आणि १२ महिन्यांना झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांत पाचव्या वर्षी नाकाची वाट नीट बंद होत नव्हती. अर्थात सहाव्या महिन्यात भूल देऊन ऑपरेशन करायला बाळाची तब्येत आणि तशी टीम दोन्ही लागतात.

घरी मेणबत्ती विझवायला, शिट्टी किंवा फुगा फुगवायला सांगतात, पण त्याने बोलणं सुधारत नाही, कारण फुंकताना टाळू आणि जीभ बोलण्यासारखी चालतच नाहीत. उपयोग होतो तो प्रत्यक्ष उच्चारांच्या सरावाचा, आधी ओठांवर दिसणारा प, नाक चिमटीत धरून, कुजबुजत, ह ची हवा सोडत, म्हणजे स्वरयंत्र झटका देऊच शकत नाही, मग हळूहळू शब्द आणि वाक्य. नुसती हवा नाकातून जात असेल तर मात्र थेरपीने भागत नाही, टाळूचं पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. दोन्ही एकत्र असेल तर आधी शक्य तेवढे उच्चार जागेवर आणतात आणि मग नाकातून दुर्बीण घालून बघतात, कारण सगळे शब्द घशातच तोडणाऱ्या मुलाची मऊ टाळू बोलताना नीट हलत नाही आणि नाकाच्या वाटेत राहणारी फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.