१ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी दाखवते, म्हणजे ती बनावट?

‘नवी डिस्क जोडा, १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले तर माल नकली, लगेच परत करा’ असा निरोप कित्येक वर्षे फिरतो आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत ६९ जीबी कमी दिसले की शंका येणारच. पण ती जागा कुणी चोरलेली नसते.

खोक्यावरचा १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. तिथे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणाऱ्या १,०७,३७,४१,८२४ बाइटना १ जीबी म्हणते. भागाकार करून पाहा, ९३१ च येतात. तीच डिस्क मॅकला जोडली तर १ टीबीच्या आसपास दिसते, कारण तो दशमान मोजतो. विंडोजमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, बाइटचा पूर्ण आकडा तिथे असतो.

खरी काळजी वेगळीच आहे. हजार-दोन हजारांत ‘१६ टीबी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये बऱ्याचदा छोटे मेमरी कार्ड असते आणि आतली चिप संगणकाला खोटी क्षमता सांगते. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. नवी, रिकामी डिस्क काठोकाठ भरा आणि सगळे परत वाचून पाहा. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन नेमके तेच करते. मोठ्या डिस्कला पूर्ण दिवसही लागेल, पण लग्नाचे फोटो तिच्यावर टाकण्याआधी तेवढे कराच.