दुसऱ्या रात्रीचा डबा

भाचीच्या बाळंतपणाची दुसरी रात्र. सोलापुरातलं एक खासगी प्रसूतिगृह, सिझेरियन, मे महिना, खिडकीत कूलरची घरघर. बाळ साडेदहापासून रडत होतं. ताई त्याला दर अर्ध्या तासानं भाचीच्या छातीला लावायची, ते पाच-दहा मिनिटं चोखायचं, डोळे मिटायचं आणि पाळण्यात ठेवलं की पुन्हा किंचाळायचं. बारा वाजता ताईनं निकाल दिला, "हिला दूधच नाही गं. लेकरू उपाशी आहे की." रात्रपाळीच्या मावशींनी मान डोलावली. दाजींनी चपला सरकवल्या, सात रस्त्याच्या बाजूला उघडं मेडिकल शोधायला गेले आणि पाऊण तासात बाळाच्या दूध-पावडरचा डबा घेऊन आले.

बाळ ३० मिली प्यालं आणि चार तास गाढ झोपलं. बघा, भूकच होती, असं सगळ्यांचं ठरलं. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेली बाई, पण त्या रात्री मलाही तसंच वाटलं.

आईचं दूध की वरचं, हा निर्णय फायद्या-तोट्यांचा तक्ता मांडून कुणी घेत असेल तर मला ते घर बघायचंय. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तो असाच होतो, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, दमलेल्या माणसांच्या हातून. म्हणून त्या रात्री आईच्या आणि बाळाच्या शरीरात काय चाललेलं असतं, तिथूनच सुरुवात करते.

गाय व्याली की आपण चिकासाठी शेजारी पातेलं पाठवतो. वेलदोडा घालून खरवस करतो, मिटक्या मारत खातो. बाईचा चीक मात्र "साचलेलं, जुनं दूध" म्हणून पिळून टाकणाऱ्या आज्या मी स्वतः पाहिल्यात. तो दिसतोही तसाच, पिवळट, चिकट, आणि अगदी थोडा. पण तेवढंच लागतं. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळेला २ ते १० मिली पितं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. चहाचा चमचा ५ मिलीचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. आम्ही दुसऱ्या रात्री त्याच्या पोटात दोन-तीन जेवणं एकदम ओतली होती. ते झोपलं यात नवल काय? सत्यनारायणाच्या पंगतीनंतर दाजीही झोपतात.

त्या थेंबाथेंबात प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात. 'आयजीए' नावाची प्रतिपिंडं आतड्याच्या अस्तरावर लेप दिल्यासारखी बसतात आणि जंतूंना आत शिरू देत नाहीत. चीक थोडा रेचकही असतो, त्यामुळे बाळाची पहिली काळी, डांबरासारखी शी लवकर बाहेर पडते.

मग खरं दूध कधी येतं? गरोदरपणातच स्तन दूध बनवायला तयार झालेले असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन ते रोखून धरतं. बाळामागून वार पडली की हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. पहिलं बाळंतपण असेल, सिझेरियन असेल, तर आणखी थोडा उशीर. मधल्या काळात बाळ सारखं चोखत राहतं, विशेषतः रात्री. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, ते दूध बनवतं, आणि त्याची पातळी रात्रीच जास्त असते. आम्हाला उपासमार वाटलेलं ते रडणं म्हणजे पुढच्या आठवड्याच्या दुधाची मागणी नोंदवणं होतं.

दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. दूध बनवणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे गोठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी वासरू लावायचं, गाय पान्हावली की मग चरवी घ्यायची. परका माणूस बसला, कुत्रं भुंकलं, की गाय पान्हा चोरते. बाईचंही तेच. वेदना, भीती, लाज आणि खाटेभोवती जमून "येतंय का, येतंय का" विचारणारे सहा नातेवाईक, एवढं झालं की ऑक्सिटोसिन अडतं. दूध असतं, उतरत नाही.

यात डबा शिरला की काय होतं बघा. बाळ चार तास झोपतं, म्हणजे दोन-तीन वेळचं चोखणं गेलं. स्तनात दूध तुंबलं की शरीर ते बनवणं कमी करतं. उपसा थांबलेल्या विहिरीचे झरे बुजतात तसंच. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी, म्हणून डबा थोडा जास्त. पंधरा दिवसांत "हिचं दूध आटलं". ताईचं भाकीत खरं ठरलं असतं, कारण ते खरं करायची तजवीज आम्हीच करून ठेवत होतो.

रडण्यावरून भूक मोजता येत नाही. लंगोटावरून बरीच येते. पहिल्या दिवशी एखादा ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा. शीचा रंग काळ्यावरून हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या फेसासारखा पिवळा व्हायला हवा. दुसरा पुरावा वजनकाट्याचा. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनातले ७ टक्क्यांपर्यंत कमी होणं नेहमीचं, १० टक्क्यांच्या जवळ गेलं तर डॉक्टरांनी तातडीनं पाहायला हवं. दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत आलं पाहिजे. आमचं बाळ २९०० ग्रॅमचं होतं, तिसऱ्या दिवशी २६९० भरलं. घरात रडारड. मी कॅल्क्युलेटर काढला: ७.२ टक्के. लंगोट तीन ओले. बालरोगतज्ज्ञ बाई हसल्या आणि त्यांनी बाळाचं तोंड कसं लागतंय ते तपासलं. ते नुसतं बोंड धरत होतं. भोवतालचा काळा भाग तोंडात जात नव्हता. म्हणून भाचीला चिरा पडल्या होत्या आणि बाळाला दूध कमी मिळत होतं. हनुवटी छातीला टेकवून, तोंड मोठं उघडल्यावरच लावायचं, एवढं शिकायला दोन दिवस गेले.

आता डब्याबद्दल. डब्यातली पावडर विष नाही. ती बहुतेक गायीच्या दुधापासूनच बनते, पण थेट गायीचं दूध वेगळं. गायीच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट असतात, क्षारही तितकेच जड. नवजात मूत्रपिंडांना ते झेपत नाहीत, शिवाय लोह कमी पडतं आणि आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध, पाणी घालून का होईना, मुख्य दूध म्हणून नको. पावडर बनवताना हीच प्रथिनं-क्षारांची मापं आईच्या दुधाजवळ आणलेली असतात, लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात. आईचं दूध देता येत नसेल तर तीच योग्य.

जवळ आणता येत नाही ते वेगळंच आहे. आईच्या दुधात लॅक्टोज (दुधातली साखर) आणि मेदानंतर सर्वांत जास्त घनपदार्थ असतो तो ऑलिगोसॅकराइड्स नावाच्या साखळीदार शर्करांचा. लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, दोनशेहून जास्त प्रकार. गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. मग आईचं शरीर एवढा खटाटोप का करतं? त्या बाळासाठी नसतातच. त्याच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जिवाणूंसाठी असतात. ते पोसले जातात, आतडं आम्लधर्मी होतं आणि जुलाब करणाऱ्या जंतूंना जागा उरत नाही. शिवाय काही जंतू आतड्याला चिकटण्याऐवजी या शर्करांनाच चिकटतात आणि शीवाटे निघून जातात. आता काही डब्यांत यातल्या मोजक्या शर्करा बनवून घालतात. दोनशेतल्या मोजक्याच.

मग आईच्या दुधानं मूल हुशार होतं, लठ्ठ होत नाही, दमा होत नाही, हे सगळं खरं का? इथं जरा सावध राहावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या बायकांत शिक्षण, पैसा, सवड, तब्येत असे फरक आधीपासून असतात. मुलांतला फरक दुधाचा की घराचा हे कळत नाही. आणि चिठ्ठ्या टाकून "तू पाज, तू पाजू नको" असं कुणाला सांगता येत नाही. १९९६-९७ मध्ये बेलारूसमध्ये संशोधक मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. ३१ रुग्णालयांतल्या काहींना चिठ्ठीनं निवडून तिथं आयांना पाजण्यासाठी भरपूर मदत दिली, बाकीच्यांत नेहमीसारखं चालू ठेवलं. १७,०४६ बाळं. पाजायला सुरुवात सगळ्याच आयांनी केली होती, पण मदत मिळालेल्या गटात तीन महिन्यांना निव्वळ अंगावरच्या दुधावर ४३ टक्के बाळं होती, दुसऱ्या गटात ६. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के विरुद्ध १३.२, आणि इसब ३.३ विरुद्ध ६.३. लठ्ठपणा आणि दम्यात मात्र फायदा दिसला नाही. साडेसहा वर्षांच्या वयात बुद्धिमापनात फरक दिसला, सोळाव्या वर्षी बहुतेक कसोट्यांत तो उरला नव्हता.

मला हे निकाल आवडतात, कारण ते कुणालाच पूर्ण खूश करत नाहीत. डब्यावर वाढलेलं पोर मठ्ठ होतं असं म्हणून आईला टोचणाऱ्यांनी ते वाचावेत. पण एक लक्षात घ्या, बेलारूसमध्ये पाणी स्वच्छ होतं.

आपल्याकडे उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, नळाला पाणी काही दिवसांआड. बॅरल, हौद, टाकी, त्यात बुडणारा तांब्या आणि तांब्यावरचा हात. वरच्या दुधाचा प्रश्न सोलापुरात निम्मा तरी पाण्याचा आहे. पावडरही निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात क्वचित सापडतो आणि नवजात बाळाला तो फार महागात पडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांखाली जायच्या आधी त्यात पावडर घाला, मग भांडं गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत संपवा, उरलेलं ओता. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं बरं, घासायला सोपं. बाटलीच्या बुचाच्या खाचेत काय साचतं ते एकदा नखानं खरवडून बघा.

आणि चमचा. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. तीन महिन्यांचं बाळ दिवसाला साडेसातशे मिलीच्या आसपास पितं, म्हणजे पंचवीस चमचे, शंभरेक ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. किंमत डब्यावर बघून गुणाकार तुम्हीच करा. सोलापूरच्या पूर्व भागात हजार विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईच्या घरात हा गुणाकार झाला की पंचवीसचे पंधरा चमचे होतात. बाळाचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. खात्यापित्या घरात उलटं, "घट्ट दे, बाळसं धरेल" म्हणून चमच्यावर शीग. त्यानं क्षार वाढतात आणि मे महिन्यात बाळ आतून सुकतं.

विडी वळणाऱ्या बायकांचं वेगळं सांगायला हवं. तंबाखूचं सूप मांडीवर, शेजारी बाळ. निकोटिन दुधात उतरतं, हे खरं. त्यासाठी दूध तोडायचं कारण नाही. साबणानं हात धुऊन, पदर बदलून पाजावं, आणि सुपाजवळ बाळ नसावं.

बेचाळीस अंशांच्या उन्हात बाळाला पाणी? नको. आईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत पाणी, ग्राइप वॉटर, सहाणेवर उगाळलेली गुटी यांनी फक्त पोटातली जागा अडते आणि जंतू शिरतात. मध तर वर्षापर्यंत बिलकूल नको, त्यातल्या बोटुलिझम या विषबाधेच्या बीजाणूंना लहान आतडं तोंड देऊ शकत नाही. वरून द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० एकक, कारण आईच्या दुधात ते कमी असतं. पाणी पाजायचं ते आईला, तांब्या भरून.

डबा लागतोच अशा वेळा असतात, आणि तेव्हा घोळ घालत बसू नये. बाळ सुस्त पडलं, लंगोट कोरडे, वजन उतरतंय, तर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध हे औषध आहे. आईची कर्करोगाची औषधं चालू असतील, बाळाला गॅलॅक्टोसिमिया (दुधातली साखर न झेपणारा जन्मजात आजार) असेल, तर प्रश्नच नाही. एचआयव्हीचं मात्र चित्र बदललंय. आई औषधं नेमानं घेत असेल तर आता पाजायला सांगतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा जीवघेणा दाह होऊ शकतो, त्यांच्यासाठी दुसऱ्या आईचं पाश्चरीकरण केलेलं दूध हा मधला मार्ग. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. आणि एखादीला, सगळं समजून घेऊन, नाहीच पाजायचं असेल तर तो तिचा प्रश्न. तिला नीट चमचा मोजायला शिकवावं.

डब्यावर, जाता जाता, बाळाचा फोटो नसतो. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, जाहिरातीवरही. दाजींनी ते पहिल्यांदाच पाहिलं आणि डबा उलटासुलटा करत म्हणाले, "एवढं महाग आणि वर चित्रसुद्धा नाही."

भाचीनं आठ-दहा दिवस दोन्ही दिलं. आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, नंतर लागलंच तर वाटी-चमच्यानं वरचं, आणि रोज वरचं थोडं कमी. आता ती कामावर परत जाणार आहे, त्यामुळे दूध काढून ठेवायची तालीम चालू आहे. बाहेर ते २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण सोलापूरच्या मेमध्ये २५ अंश कुठून आणायचे? थेट फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही. चौदाव्या दिवशी बाळ २९६० भरलं.

डबा अर्धा उरला. उघडल्यावर तो महिनाभरच चालतो आणि ताईला टाकवेना. तिनं साखरेचा पाक करून त्याच्या वड्या थापल्या, वर पिस्ते लावले. दाजींनी चार खाल्ल्या आणि झोपले.