वरचा, खालचा आणि मधला रक्तदाब

डिजिटल यंत्रावर १२८/८२ उमटलं, की यंत्राने वरचा आणि खालचा असे दोन दाब मोजले असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यातला एकही आकडा यंत्राने थेट मोजलेला नसतो.

थेट मोजला होता इंग्रज पाद्री आणि शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात घोडीच्या धमनीला जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढलं. रुग्णावर हे कोण करणार? १८९६ मध्ये इटलीचे डॉक्टर रिवा-रोची यांनी दंडावर हवेचा पट्टा आवळला आणि मनगटाची नाडी कधी बुडते ते पाहिलं. त्यात फक्त वरचा दाब कळे, आणि पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद असल्याने तोही फुगलेला. १९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोप वापरला. पट्टा सैल होताना पहिला ठोका ऐकू आला तो वरचा दाब, आवाज नाहीसा झाला तो खालचा. आवाज दबतो तो क्षण धरायचा की थांबतो तो, यावर पुढे बराच वाद झाला. खालचा दाब निम्मा ठरावानेच ठरला म्हणायचा!

घरगुती यंत्र काही ऐकत नाही. हवा सुटत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातल्या हवेत बारीक कंप उठतो. दाब उतरतो तसे कंप आधी वाढतात, मग ओसरतात. ते सर्वांत मोठे असतात तेव्हाचा पट्ट्यातला दाब म्हणजे धमनीतला सरासरी, म्हणजेच मधला दाब. यंत्राच्या हाती खरा लागतो तो एवढाच. कंपाची उंची शिखराच्या साधारण निम्मी असते तो चढावरचा बिंदू वरचा दाब, आणि उतारावर सुमारे ८० टक्के उरते तो खालचा, अशा धर्तीवर बाकीचा हिशोब होतो. नेमकं सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि बहुधा गुप्त. ठोके अनियमित असले तर कंपांचा आलेख वेडावाकडा होतो आणि हिशोब फसतो.

चुका मात्र बहुतेक वेळा यंत्राच्या हिशोबाबाहेरच होतात. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के हवी. आखूड पडला तर आकडा वाढतो. दंड हृदयाच्या पातळीखाली १० सेंटिमीटर गेला, की पाऱ्याचे सुमारे ८ मिलिमीटर, म्हणजे यंत्रावरचे ८ अंक, फुकटचे वाढतात. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलणं बंद. मिनिटभराने पुन्हा मोजावं. पहिला आकडा बहुधा जास्तच असतो. मधल्या वेळात रक्तदाब उतरवतं म्हणून विकलं जाणारं चुंबकाचं कडं घातलं, तर आकडा उतरल्याचं श्रेय कड्याला मिळतं.